जुन्या इमारतीचे भूकंपरोधक मजबुतीकरण: सोसायटीने पैसा कसा उभा करावा

मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक ही सगळी शहरे भूकंपप्रवण क्षेत्र ३ मध्ये मोडतात, असे भूकंपरोधक रचनेच्या भारतीय मानक क्रमांक १८९३ च्या २०१६ सालच्या आवृत्तीतील नकाशा सांगतो. कोयनेचा परिसर तर क्षेत्र ४ मध्ये आहे. या शहरांत १९७० ते २००० या काळात उभ्या राहिलेल्या चार-पाच मजली इमारतींपैकी अनेकींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा सोडलेला आहे. वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती असतात आणि खाली मात्र नुसते कॉलम उभे असतात. अशा इमारती जमीन आडवी हलू लागली की खालच्याच मजल्यात दुमडतात. २६ जानेवारी २००१ च्या कच्छ भूकंपात केंद्रबिंदूपासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत याच धर्तीच्या अनेक इमारती कोसळल्या. त्यानंतर, याच मानकाच्या २००२ सालच्या आवृत्तीत, मोकळ्या तळमजल्याचे कॉलम आणि बीम अडीचपट बलासाठी डिझाइन करण्याची तरतूद आली. म्हणजेच त्याआधीच्या आपल्या इमारती त्या तरतुदीविना बांधलेल्या आहेत.

हे सर्व सभासदांना पटवणे फारसे अवघड नसते. खरी अडचण पैशाची असते. मी एका जुन्या सोसायटीचा खजिनदार म्हणून या प्रक्रियेतून गेलो आहे, आणि माझे ठाम मत असे झाले आहे की केवळ भूकंपासाठी म्हणून कोणतीही सोसायटी वेगळा पैसा काढत नाही. तो पैसा उभा राहतो तो मोठ्या संरचनात्मक दुरुस्तीच्या सोबतीनेच. परांची बांधलेली असते, कॉलमचे प्लास्टर उतरवलेले असते, टेकू लावलेले असतात. त्या वेळी कॉलमला जॅकेट, म्हणजे भोवती नव्या सळया आणि काँक्रीटचा थर, चढवण्याचा जादा खर्च तेच काम पाच वर्षांनी स्वतंत्रपणे करण्याच्या खर्चापेक्षा पुष्कळ कमी पडतो. त्यामुळे पुढील सर्व टप्प्यांचा रोख एकच आहे: दुरुस्तीच्या पहिल्या कागदापासून भूकंपाचा विषय त्यात असला पाहिजे.

१. आपली इमारत कोणत्या कायद्याखाली येते ते आधी पाहा

खर्च कोणी आणि कोणत्या प्रमाणात करायचा, हे यावर ठरते. सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि आपले नोंदणीकृत उपविधी (सोसायटीची नियमावली) लागू होतात. हा लेख मुख्यतः अशा संस्थांसाठी आहे. पुण्यात मोठ्या संख्येने आढळणारी ‘अपार्टमेंट’ पद्धतीची इमारत असेल तर १९७० चा अपार्टमेंट मालकी अधिनियम लागू होतो आणि सामाईक खर्चाची वाटणी घोषणापत्रात नमूद केलेल्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने होते. ती टक्केवारी सभेच्या मताने बदलता येत नाही.

मुंबई शहर बेटावरील, ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींची संरचनात्मक दुरुस्ती म्हाडाचे मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ करते. ही व्यवस्था उपनगरांना, ठाण्याला किंवा पुण्याला लागू नाही. ‘म्हाडा करून देईल’ ही समजूत उपनगरांतील सोसायट्यांमध्ये आजही सापडते, म्हणून हा मुद्दा येथेच निकालात काढलेला बरा.

२. स्ट्रक्चरल ऑडिटच्या कार्यादेशातच भूकंपक्षमतेचे मूल्यमापन लिहून घ्या

आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमावलीनुसार, १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावे लागते. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब मध्येही ३० वर्षांवरील इमारतींसाठी संरचनात्मक तपासणीची सक्ती आहे. अडचण अशी की नेहमीच्या ऑडिटमध्ये आजची स्थिती तपासली जाते, म्हणजे गंज, भेगा, गळती आणि काँक्रीटची ताकद. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक पल्स, हाफ-सेल, कार्बोनेशन आणि कोअर या चाचण्या त्याच प्रश्नाची उत्तरे देतात. भूकंपाच्या आडव्या बलाला ही चौकट पुरी पडेल का, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो विचारला नाही तर त्याचे उत्तर अहवालात येत नाही. ‘इमारत दुरुस्तीयोग्य’ असा शेरा वाचून ती भूकंपातही टिकेल असा निष्कर्ष काढणाऱ्या समित्या मी पाहिल्या आहेत.

म्हणून सल्लागाराला दिलेल्या कार्यादेशात स्पष्ट लिहावे की आरसीसी इमारतीचे मूल्यमापन भारतीय मानक १५९८८ (२०१३) नुसार करून मजबुतीकरणाचे पर्याय सुचवावेत. जुना वाडा किंवा भारवाहक विटांच्या भिंतींची इमारत असेल तर १३९३५ (२००९) हे मानक पाहावे लागते. जुन्या इमारतीने आजच्या नव्या इमारतीइतकेच बळ दाखवावे अशी अपेक्षा १५९८८ हे मानक ठेवत नाही. मूल्यमापनात भूकंपबल काही प्रमाणात कमी धरण्याची मुभा देते. ‘नवीन नियमांत बसवायचे तर पाडूनच बांधावे लागेल’ असे कोणी म्हटले तर हा मुद्दा लक्षात ठेवावा.

मूळ आरसीसी नकाशे शोधण्यासाठी या टप्प्यावर वेळ द्यावा. मूळ बिल्डर, तेव्हाचा आर्किटेक्ट, महापालिकेचा बांधकाम विभाग, सोसायटीचे जुने कपाट अशा सगळ्या ठिकाणी विचारणा करावी. नकाशे नसतील तर सल्लागाराला सळया शोधण्यासाठी ठिकठिकाणी स्कॅनिंग आणि तोडफोड करावी लागते, आणि त्याचे बिल सोसायटीलाच येते.

मुंबई आणि आसपासच्या पालिकांमध्ये अहवालाअंती इमारतीची वर्गवारी होते. सी-१ म्हणजे राहण्यास धोकादायक, रिकामी करून पाडण्याजोगी. सी-२ अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करावी लागणारी. सी-२ ब म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती करता येणारी. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. मजबुतीकरणाचा विचार मुख्यतः सी-२ ब आणि सी-३ मध्ये करावा. सी-२ अ असेल तर पर्यायी निवासाचे भाडे खर्चात येते आणि सगळे गणित बदलते. सी-१ इमारतीवर मजबुतीकरणासाठी वर्गणी गोळा करणे म्हणजे सभासदांचा पैसा वाया घालवणे होय.

३. अंदाजपत्रक तीन भागांत मागा

या टप्प्यावर सल्लागाराशी थोडी खेचाखेच करावी लागते, कारण नेहमीच्या पद्धतीने येणारे अंदाजपत्रक ही बाबींची एक लांबलचक यादी असते. तिच्यात कॉलमची दुरुस्ती, टेरेसचे वॉटरप्रूफिंग, बाहेरचा रंग, ड्रेनेजचे पाइप आणि नवे गेट हे सारे एकाखाली एक लिहिलेले असते. अशी यादी सभेत ठेवली की काय होते हे ज्यांनी सोसायटीच्या सभा पाहिल्या आहेत त्यांना सांगायला नको. गळती सगळ्यांना दिसते आणि रंगही दिसतो. कॉलममधला दोष मात्र कोणाला दिसत नाही. खर्च कमी करण्याची वेळ आली की पहिली कात्री न दिसणाऱ्या कामावर चालते.

त्यामुळे अंदाजपत्रक पुढीलप्रमाणे विभागून घ्यावे:

अ) संरचनात्मक दुरुस्ती: गंजलेल्या सळया, पॉलिमर मॉर्टर, मायक्रोकाँक्रीट, टेकू, परांची.

आ) भूकंपरोधक मजबुतीकरण: कॉलम जॅकेटिंग, तळमजल्यावर निवडक ठिकाणी दोन कॉलमांच्या मध्ये आरसीसी भिंती किंवा पोलादी ब्रेसिंग (तिरके आधार), पायाची आवश्यक वाढ, टेरेसवरील पाण्याच्या टाक्यांचे आधार.

इ) बाकीचे सर्व: वॉटरप्रूफिंग, प्लास्टर, प्लंबिंग, रंग.

परांची, टेकू आणि प्लास्टर उतरवणे यांचा खर्च ‘अ’ मध्येच धरावा, आणि ‘आ’ मध्ये केवळ वाढीव खर्च दाखवावा. असे केले की मजबुतीकरणाचा खरा आकडा समोर येतो, आणि सभासदांनी मनात धरलेल्या आकड्यापेक्षा तो बहुधा लहान असतो. याउलट ‘इ’ भागातील वॉटरप्रूफिंग पुढे ढकलता येईल असे समजू नये, कारण वरून पाणी मुरत राहिले तर नव्या जॅकेटलाही गंज लागतो. रंग मात्र खुशाल पुढे ढकलावा.

दर तपासण्यासाठी सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची हाताशी ठेवावी. दुरुस्तीच्या कामाचे बाजारभाव तिच्याशी तंतोतंत जुळत नाहीत, तरीही एखाद्या बाबीचा दर दुप्पट लावला असेल तर तो लगेच लक्षात येतो. प्लास्टर उतरवल्यावर खराब काँक्रीटचे प्रमाण वाढतेच, हे गृहीत धरून एकूण रकमेच्या १५ ते २० टक्के राखीव ठेवावी असे माझे मत आहे. पाच टक्क्यांची तरतूद कागदावर छान दिसते, पण पहिल्याच महिन्यात संपते.

आरसीसी भिंती किंवा ब्रेसिंगमुळे एखाद-दुसरी पार्किंगची जागा जाते. कोणाची जाणार, हे नकाशावर दाखवून आणि त्याची भरपाई ठरवून मगच सभेकडे जावे. पैशाच्या वादात अडकलेल्या सोसायट्यांपेक्षा पार्किंगच्या वादात अडकलेल्या सोसायट्या अधिक असतील, अशी मला शंका आहे.

४. सोसायटीच्या शिलकीत किती आहे आणि त्यातले किती वापरता येते

उपविधींप्रमाणे तीन निधी महत्त्वाचे आहेत. दुरुस्ती व देखभाल निधीची वर्गणी प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के असते. तो नेहमीच्या दुरुस्तीसाठी आहे. सिंकिंग फंडाची वर्गणी वार्षिक किमान ०.२५ टक्के असते आणि त्यातही जमिनीची किंमत धरली जात नाही. तिसरा मोठ्या दुरुस्तीचा निधी; तो गरज पडेल तेव्हा सर्वसाधारण सभेने ठरवलेल्या दराने, क्षेत्रफळाच्या प्रमाणात गोळा करायचा असतो.

सिंकिंग फंडाच्या वापराबद्दल आदर्श उपविधींत स्पष्ट तरतूद आहे: इमारतीची पुनर्बांधणी, तिच्या बळकटीसाठी आर्किटेक्टच्या मते आवश्यक असलेली संरचनात्मक भर किंवा बदल, आणि आर्किटेक्टने प्रमाणित केलेली मोठी दुरुस्ती यांसाठी सर्वसाधारण सभेच्या ठरावाने तो वापरता येतो. म्हणजे भूकंपरोधक मजबुतीकरण हा या निधीचा अगदी नेमका उपयोग आहे, आणि रंगकाम हा नाही. काही सोसायट्यांच्या जुन्या उपविधींत निबंधकांची पूर्वपरवानगी घेण्याची अट आहे. आपली नोंदणीकृत प्रत उघडून ती अट आहे का ते पाहावे.

आता निराशेची बाजू. ही टक्केवारी मूळ बांधकाम खर्चावर मोजली जाते. समजा, १९८८ साली एका सदनिकेचा बांधकाम खर्च १ लाख रुपये होता. तर किमान दराने वर्षाला २५० रुपये आणि ३० वर्षांत ७,५०० रुपये जमा होतात. २४ सदनिकांचे मिळून १ लाख ८० हजार रुपये. व्याज धरले तरी ही रक्कम जेमतेम सल्लागाराचे मानधन आणि चाचण्या भागवते. ज्या सोसायट्यांनी किमान दरावर न थांबता सभेच्या ठरावाने वर्गणी वाढवत नेली, त्यांच्याकडेच काही पुंजी असते.

शिलकीचा आकडा पाहताना लेखापरीक्षण अहवालातील निधीचा आकडा आणि बँकेतील मुदत ठेवींच्या पावत्या यांचा मेळ घालावा. पुस्तकात सिंकिंग फंड १२ लाखांचा आणि ठेवी ७ लाखांच्या, अशी स्थिती दुर्मिळ नाही. मधले ५ लाख कधीतरी लिफ्टसाठी किंवा लाइट बिलासाठी वापरले गेलेले असतात, नाहीतर थकबाकीत अडकलेले असतात.

सरकारी अनुदानाबद्दल एक शब्द. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर राज्य सरकारने जागतिक बँकेच्या साहाय्याने लातूर आणि आजच्या धाराशिव जिल्ह्यात गावे वसवली आणि इतर जिल्ह्यांतही घरांच्या दुरुस्ती व मजबुतीकरणासाठी मदत दिली. ती भूकंपानंतरची मदत होती. शहरातील खासगी सोसायटीने आगाऊ मजबुतीकरणासाठी अनुदान मिळेल असे धरून अंदाजपत्रक मांडू नये.

५. उरलेल्या रकमेची वाटणी

येथे सर्वाधिक भांडणे होतात, म्हणून एक काल्पनिक उदाहरण आकड्यांसह मांडतो. सोसायटीत २४ सदनिका आहेत. त्यांपैकी १२ सदनिका ५०० चौरस फुटांच्या आणि १२ सदनिका ७०० चौरस फुटांच्या. एकूण क्षेत्र १४,४०० चौरस फूट. कामाचा सर्व मिळून खर्च ६० लाख रुपये आणि निधीतून १५ लाख उपलब्ध. म्हणजे ४५ लाख उभे करायचे आहेत.

क्षेत्रफळाने वाटणी केली तर दर चौरस फुटाला ३१२ रुपये ५० पैसे पडतात. लहान सदनिकेला १,५६,२५० आणि मोठ्या सदनिकेला २,१८,७५० रुपये. सरसकट समान वाटणी केली तर प्रत्येकाला १,८७,५०० रुपये. मोठ्या सदनिकांचे सभासद समान वाटणीचा आग्रह धरतात आणि ‘जीव सगळ्यांचा सारखाच’ असा युक्तिवाद करतात. युक्तिवाद भावनेला पटणारा आहे, परंतु मोठ्या दुरुस्तीचा निधी क्षेत्रफळावर घ्यायचा असे उपविधी सांगतात. सेवा शुल्क समान घ्यायचे असते. त्या सवयीने दुरुस्तीही समान वाटली जाते आणि पुढे एखादा सभासद उपनिबंधकांकडे गेला की ठराव अडचणीत येतो.

तळमजल्यावरील दुकानदार ‘वरच्या मजल्यांचे आम्हाला काय’ म्हणतात आणि वरच्या मजल्यावरचे लोक ‘खालचे कॉलम त्यांच्या दुकानातले’ म्हणतात. चौकट एकच असल्यामुळे दोघांनाही क्षेत्रफळाचाच नियम लागू करावा. दुकानातील कॉलमचे काम चालू असताना दुकान बंद ठेवावे लागते. त्याचे दिवस आधी ठरवून लेखी द्यावेत. नुकसानभरपाईची बोलणी मात्र वर्गणीच्या हिशेबात मिसळू देऊ नयेत.

सगळी रक्कम एकरकमी मागू नये. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या सभासदाला दीड लाख रुपये एका महिन्यात उभे करता येत नाहीत, आणि तशा चार सभासदांमुळे संपूर्ण काम थांबते. व्यवहार्य मार्ग असा की काही भाग आगाऊ वर्गणीतून आणि मोठा भाग सोसायटीच्या नावावरील कर्जातून उभा करावा. वरील उदाहरणात १५ लाख आगाऊ घेतले तर लहान सदनिकेला सुमारे ५२,१०० आणि मोठीला सुमारे ७२,९०० रुपये येतात. उरलेले ३० लाख, समजा, ११ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ६५,२०० रुपये होतो. दरमहा लहान सदनिकेवर सुमारे २,२६५ आणि मोठ्या सदनिकेवर सुमारे ३,१७० रुपयांचा बोजा येतो. पाच वर्षांत व्याजापोटी साधारण ९ लाख रुपये जातात. हाही आकडा सभेत सांगावा. लपवला तर दुसऱ्या वर्षी कोणीतरी तो शोधून काढतोच.

ज्यांना व्याज द्यायचे नाही त्यांना आपला संपूर्ण हिस्सा आगाऊ भरण्याची मुभा द्यावी आणि त्यांना मासिक हप्त्यातून वगळावे. यासाठी सदस्यनिहाय स्वतंत्र खाते ठेवावे लागते; हिशेबनिसाला हे सुरुवातीलाच सांगावे.

६. विशेष सर्वसाधारण सभा आणि ठराव

समितीला स्वतःच्या अधिकारात दुरुस्तीवर खर्च करण्याची जी मर्यादा उपविधींनी सदस्यसंख्येनुसार घातली आहे, ती इतकी लहान आहे की असे कोणतेही काम सभेशिवाय होऊच शकत नाही. विशेष सभेसाठी किमान पाच पूर्ण दिवसांची नोटीस लागते, तरी मी पंधरा दिवस आधी नोटीस आणि तिच्यासोबत अहवालाचा सारांश, तीन भागांचे अंदाजपत्रक आणि सदनिकानिहाय रकमेचा तक्ता देण्याची शिफारस करतो. सल्लागाराला सभेत प्रत्यक्ष बोलवावे. खजिनदाराने कॉलमवर व्याख्यान देण्याचा प्रयत्न करू नये.

‘मंजूर’ एवढ्यावर ठराव संपवू नये. त्यात पुढील गोष्टी स्वतंत्रपणे नोंदवाव्यात: एकूण खर्चाची कमाल मर्यादा आणि राखीव रक्कम; सिंकिंग फंडातून काढायची रक्कम; क्षेत्रफळावर आधारित दर आणि हप्त्यांच्या तारखा; कर्जाची कमाल रक्कम, मुदत आणि सही करणारे पदाधिकारी; उशिरा भरणाऱ्यांना उपविधींनुसार लागणारे व्याज. इतिवृत्ताचा मसुदा लवकर फिरवावा, कारण बँक तोच कागद सर्वप्रथम मागते.

सभेत हमखास उठणारा प्रश्न पुनर्विकासाचा असतो: ‘बिल्डर येणार आहे, मग दुरुस्तीवर पैसा का घालायचा?’ प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर कागदावर द्यावे. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९ अ खालील पुनर्विकासासाठी ५१ टक्के सभासदांची संमती लागते. ती संमती, शिल्लक चटईक्षेत्र, रस्त्याची रुंदी आणि जमिनीची मालकी या चारही बाबी अनुकूल असतील आणि विकासकाशी लेखी व्यवहार प्रत्यक्ष सुरू असेल, तर फक्त तातडीची दुरुस्ती करून थांबावे. यांपैकी काहीच हातात नसताना नुसत्या चर्चेवर थांबणे याचा अर्थ इमारत आहे त्या स्थितीत आणखी दहा वर्षे वापरणे असा होतो.

७. कर्ज आणि त्यासाठी लागणारी कागदपत्रे

जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका आणि नागरी सहकारी बँका यांच्याकडे सर्वप्रथम चौकशी करावी. सहकारी गृहनिर्माण संस्थेला संस्था म्हणून कर्ज देण्याची कल्पना त्यांना नवी नसते. आपल्या उपविधींतील कर्ज उभारणीची मर्यादा आणि निबंधकांच्या परवानगीची अट अर्जापूर्वी तपासावी.

बँक तारण मागते आणि तेथे बहुतेक जुन्या सोसायट्या अडखळतात, कारण जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर असते. अभिहस्तांतरण (मालकी सोसायटीच्या नावे करून देणे) झालेले नसेल तर मोफा, म्हणजे सदनिका मालकीच्या कायद्याच्या, कलम ११ खाली मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डरने करून दिले नाही तरी मालकी मिळवण्याचा) अर्ज करता येतो. त्याला वेळ लागतो, म्हणून ऑडिट सुरू होते त्याच सुमारास तो करावा. तोपर्यंत मासिक वसुलीचा खात्रीशीर प्रवाह आणि मुदत ठेवी यांवर एखादी बँक विचार करू शकते, परंतु रक्कम कमी आणि व्याज जास्त असण्याची तयारी ठेवावी.

बँकेच्या फाइलमध्ये साधारणपणे हे कागद लागतात:

– संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, उपविधींची नोंदणीकृत प्रत आणि पॅन
– मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल व ताळेबंद
– सभेची नोटीस, इतिवृत्त आणि ठरावाची प्रमाणित प्रत
– विद्यमान समितीच्या निवडणुकीची कागदपत्रे
– सदस्यांची यादी, सदनिकांचे क्षेत्रफळ आणि थकबाकीचा तक्ता
– स्ट्रक्चरल ऑडिट अहवाल, अंदाजपत्रक, ठेकेदारांच्या निविदांचा तुलनात्मक तक्ता
– मिळकत पत्रिका किंवा सातबारा, अभिहस्तांतरण दस्त, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र

यांत बँक सर्वांत बारकाईने पाहते तो थकबाकीचा तक्ता. सभासदच पैसे भरत नसतील तर हप्ता कुठून येणार, हा तिचा साधा हिशेब असतो. म्हणून अर्ज करण्यापूर्वी जुन्या थकबाकीदारांना नोटिसा द्याव्यात आणि गरज पडल्यास सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ ब-२९ खाली वसुली दाखल्यासाठी अर्ज करावा. नुसता अर्ज दाखल झाल्याचे समजताच काही जण पैसे भरतात.

सोसायटीला कर्ज मिळालेच नाही तर सभासदांनी आपापल्या बँकेतून घरदुरुस्तीचे वैयक्तिक कर्ज काढणे हा पर्याय उरतो. तो निवृत्तांना उपयोगी पडत नाही, आणि प्रत्येकाचे कर्ज वेगवेगळ्या दिवशी मंजूर होत असल्यामुळे ठेकेदाराच्या बिलांशी त्याचा मेळ बसत नाही. तरीही काही सभासदांना तो सोयीचा असतो.

८. करांचा हिशेब आधी करा

ठेकेदाराच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. निविदांची तुलना करताना दर करासह आहे की कराविना, हे पाहिले नाही तर ६० लाखांचे काम ७० लाख ८० हजारांवर जाते. सोसायटीच्या वसुलीवरही जीएसटीचा प्रश्न उद्भवू शकतो: प्रति सभासद दरमहा ७,५०० रुपयांपर्यंतच्या वर्गणीला सूट आहे आणि वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही; मोठी वर्गणी एकाच वर्षात गोळा केली की दोन्ही मर्यादा ओलांडल्या जाऊ शकतात. हप्ते ठरवण्यापूर्वी चार्टर्ड अकाउंटंटचा लेखी सल्ला घ्यावा.

ठेकेदाराला पैसे देताना सोसायटीने टीडीएस कापायचा असतो: व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असल्यास १ टक्का, कंपनी किंवा भागीदारी संस्था असल्यास २ टक्के. त्यासाठी टॅन (कर कापणाऱ्याचा आयकर खात्याकडील क्रमांक) लागतो. अनेक लहान सोसायट्यांकडे तो नसतो. सभासदाने स्वतःच्या नावावर दुरुस्तीसाठी कर्ज घेतले असेल तर स्वतः राहत असलेल्या घरासाठी जुन्या करप्रणालीत वार्षिक ३०,००० रुपयांपर्यंतच्या व्याजाची वजावट मिळू शकते.

९. निविदा आणि ठेकेदाराची बिले

किमान तीन निविदा मागवाव्यात आणि सर्वांत कमी दराच्या निविदेत ‘आ’ भागातील दर स्वतंत्रपणे तपासावेत. जॅकेटिंगचे दर संशयास्पद कमी आणि प्लास्टर-रंगाचे दर चढे असतील, तर त्या ठेकेदाराला मजबुतीकरणाचे काम टाळून बाकीचे करायचे आहे असे समजावे. चौकटीत बदल करणाऱ्या कामासाठी महापालिकेची परवानगी परवानाधारक संरचना अभियंत्यामार्फत आधी घ्यावी. परवानगीचे शुल्क अंदाजपत्रकात धरावे.

आगाऊ रक्कम द्यावी लागली तर बँक हमीच्या बदल्यात द्यावी. त्यानंतरचे प्रत्येक चालू बिल मोजमाप वहीतील नोंदींवर आणि सल्लागाराच्या सहीनेच द्यावे. प्रत्येक बिलातून ५ ते १० टक्के रक्कम राखून ठेवावी आणि ती दोष-दायित्व कालावधी (कामात दोष निघाल्यास ठेकेदाराने तो दुरुस्त करून द्यायचा काळ) संपल्यावर सोडावी. बिलांचे टप्पे असे बांधावेत की तळमजल्याचे सर्व कॉलम पूर्ण झाल्याशिवाय रंगकामाचा पैसा सुटणार नाही. जॅकेटच्या सळया बांधून झाल्यावर आणि काँक्रीट ओतण्यापूर्वी अभियंत्याने तपासणी करून सही करावी व छायाचित्रे काढावीत. काँक्रीट पडल्यानंतर आत काय आहे हे सांगता येत नाही आणि बिल मात्र द्यावे लागते.

१०. काम झाल्यानंतर

सल्लागाराकडून पूर्णत्वाचा अहवाल, संरचनात्मक स्थैर्य प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष झालेल्या कामाचे नकाशे घेतल्याशिवाय त्याचा शेवटचा हप्ता देऊ नये. प्रत्येक सभासदाला त्याच्या हिश्श्याची पावती कामाच्या तपशिलासह द्यावी. पुढे सदनिका विकताना सुधारणेचा खर्च दाखवण्यासाठी ती उपयोगी पडू शकते.

विमा मजबुतीकरणाचा खर्च देत नाही, पण कामानंतर इमारतीचा विमा नव्या पुनर्बांधणी मूल्याने घ्यावा. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत भूकंपाचे संरक्षण अंतर्भूत आहे. जुन्या पद्धतीची पॉलिसी नुसती नूतनीकृत होत असेल तर भूकंपाची जोड आहे का ते वाचून पाहावे.

कर्जाचा शेवटचा हप्ता फिटेल त्या महिन्यापासून सिंकिंग फंडाची वर्गणी किमान दराऐवजी आजच्या बांधकाम खर्चावर आधारित करण्याचा ठराव काम मंजूर करणाऱ्या विशेष सभेतच मांडून ठेवावा. सभासदांना तोपर्यंत दोन-तीन हजारांच्या हप्त्याची सवय झालेली असते, आणि त्यातला निम्मा भाग पुढे चालू ठेवण्यास सहसा कोणी हरकत घेत नाही.